कोठीतला साक्षीदार

लपवणे आणि सिद्ध करणे ही दोन कामे एकमेकांच्या मुळावर उठणारी आहेत. एखादी गोष्ट जितकी नीट लपवावी, तितका तिचा माग कमी उरतो; आणि माग नाही तिथे पुरावाही नाही. चोराच्या बाबतीत हे चटकन पटते. पण समजा, एखाद्याने घरात चोरीचा माल न लपवता एक जिवंत माणूस लपवला आणि त्याचा जीव वाचवला. संकट सरल्यावर त्याला दारात उभे करून कोणी विचारले, ‘गेली दोन वर्षे तू काय करत होतास?’ तर त्याने काय दाखवायचे? शेजाऱ्यांना साक्षीला बोलावावे तर त्यांना काहीच माहीत नाही. त्यांना काही माहीत असते तर तो माणूस वाचलाच नसता.

यान ह्रेबेक या चेक दिग्दर्शकाच्या २००० सालच्या चित्रपटाचा सगळा डोलारा या एका पेचावर उभा आहे, असे मला वाटते. त्याचे चेक नाव ‘मुसीमे सि पोमाहात’. बाहेरच्या जगात तो ‘डिव्हायडेड वी फॉल’ म्हणून ओळखला जातो. पटकथा पेत्र यार्खोव्स्की यांची. परभाषिक चित्रपटांच्या ऑस्करसाठी त्याचे नामांकन झाले, पण त्या वर्षीची बाजी ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ने मारली. महायुद्धावरचा आणि ज्यूंच्या छळावरचा हा चित्रपट चक्क विनोदी आहे, म्हणून काही प्रेक्षक बिचकतात. चेक मंडळींची ही जुनी रीत आहे. मान मुरगळली जात असतानाही त्यांना समोरच्याच्या टोपीतले वेडेवाकडेपण दिसते.

गोष्ट अशी. जर्मनांच्या ताब्यातले एक छोटे चेक गाव. योसेफ आणि मारी चिझेक हे मूलबाळ नसलेले जोडपे. दोष योसेफमध्ये आहे हे डॉक्टरांनी सांगून झालेले. गावातल्या वीनर या सधन ज्यू कुटुंबाशी त्यांचे जुने संबंध; ते कुटुंब छावणीत पाठवले जाते. १९४३ साली त्यांचा मुलगा डाविड पोलंडमधल्या छावणीतून निसटून एकटाच परत येतो. चिझेक जोडपे त्याला आपल्या घरातल्या कोठीत लपवते. दोन दिवसांची सोय म्हणून सुरू झालेले हे प्रकरण युद्ध संपेपर्यंत चालते. आणि या घरी वरचेवर एक पाहुणा येतो: होर्स्ट प्रोहाझ्का. पूर्वी वीनरांकडे चाकरीला असलेला, आता जर्मन म्हणून मिरवणारा, नाझींच्या मर्जीतला. येताना खायच्या वस्तू आणतो, आणि त्याचा डोळा मारीवर आहे.

या घराला भीती कशाची होती, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. बोहेमिया आणि मोराव्हियावर जर्मनीने १५ मार्च १९३९ला कब्जा केला. २७ मे १९४२ला प्राग शहरात तिथला नाझी सत्ताधीश राइनहार्ड हायड्रिख याच्यावर हल्ला झाला आणि ४ जूनला तो मेला. त्यानंतर जे झाले त्याला सूड हा शब्दही तोकडा पडतो. १० जूनला लिदित्से हे गाव पुरुषांना गोळ्या घालून, बायकांना छावणीत पाठवून, घरे पाडून नकाशावरून पुसले गेले. नोंद न केलेल्या माणसाला जो थारा देईल त्याला कुटुंबासह ठार मारले जाईल, अशी दवंडी होती. आणि ती पोकळ नव्हती. हल्लेखोरांना ज्यांनी आसरा दिला त्यांना आणि त्यांच्या नातलगांना माउटहाउझेन छावणीत नेले, आणि २४ ऑक्टोबर १९४२ या एका दिवसात तिथे अडीचशेहून अधिक माणसे मारली. तेव्हा १९४३मध्ये योसेफ आपल्या कोठीचे दार लावतो, ते बायकोचा, स्वतःचा आणि कदाचित सगळ्या आळीचा जीव पणाला लावून. चित्रपटात हे कोणी भाषण करून सांगत नाही. सांगायची गरजही नाही. त्या गावातले शेंबडे पोरही ते जाणून असणार.

आता लपवण्याच्या कामाकडे वळू. आपल्या मनात आश्रय म्हटले की एक भारलेला क्षण येतो: रात्र, दारावर थाप, घरधन्याचा निश्चय, उघडलेले दार. तो क्षण खरा असतो, पण तो एका रात्रीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी लपलेल्या माणसाला भूक लागते. रेशनकार्डे दोन आणि तोंडे तीन. त्याला खोकला येतो. त्याला शौचाला जायचे असते. घरात दोन माणसे असताना तीन ताटे धुतल्याचा आवाज होता कामा नये. नवरा बाहेर गेलेला असताना बायको कोणाशी बोलते आहे, असे भिंतीपलीकडे वाटता कामा नये. पाहुणा अवेळी आला तर त्याला दारात ताटकळवणे धोक्याचे, आणि लगेच आत घेणेही धोक्याचे. थोडक्यात, आश्रय हा एक संसारच असतो, रोजच्या रोज आणि कंटाळवाणा. तो मुख्यतः मारीच्या अंगावर पडतो. योसेफ कुरकुरत राहतो, घाबरतो, चिडतो. बोलेक पोलीव्का या नटाने ही कुरकुर इतकी झकास केली आहे, की या माणसाला वीर म्हणायची आपल्याला लाज वाटावी. माझ्या मते हेच त्या कामाचे यश.

पण खरा पेच यापुढे आहे. आवाज, अन्न, उजेड हे सगळे लपवता येते. संशय लपवता येत नाही. संशय टाळायचा तर त्याच्या जागी लोकांना दुसरे काहीतरी दिसेल अशी व्यवस्था करावी लागते. नुसते दार बंद ठेवणारे घर संशयास्पद. पाहुण्याला टाळणारे घर त्याहून संशयास्पद. म्हणून होर्स्टशी गोड बोलावे लागते, त्याने आणलेले खावे लागते, त्याच्या विनोदांना हसावे लागते. आणि एक दिवस त्याने देऊ केलेली नोकरीही घ्यावी लागते. काम कोणते, तर ज्यूंच्या जप्त मालमत्तेचे. म्हणजे कोठीत ज्यू, आणि दिवसा ज्यूंच्या घरांची जप्ती. आळीतले लोक योसेफकडे तिरस्काराने पाहू लागतात. ते पाहणे डाविडच्या उपयोगाचे असते. शेजारी जितके जास्त थुंकतील, तितकी कोठी जास्त सुरक्षित.

इथे कोणी शंका घेईल, की हा तर सोयीचा युक्तिवाद झाला. असे म्हणून कोणताही फितूर स्वतःला धुऊन घेईल: ‘मी वरून तसा वागत होतो, आतून मी वेगळाच होतो.’ शंका रास्त आहे, आणि चित्रपटाला ती ठाऊक आहे. किंबहुना याच शंकेमुळे तो पाहण्यासारखा झाला आहे. कारण बाहेरून पाहता योसेफ आणि खरा फितूर यांच्यात काहीच फरक नसतो. तीच नोकरी, त्याच माणसाबरोबर तेच जाणे-येणे, पदरात पडणारे तेच फायदे. फरक फक्त कोठीत आहे. त्याने ढोंग थोडे कमी वठवले असते तर शेजाऱ्यांच्या नजरेत तो बरा ठरला असता, आणि डाविड मेला असता. म्हणजे त्याला आपली अब्रू आणि डाविडचा जीव यांतले एकच राखता येणार होते. जिवावर उदार होणाऱ्यांच्या कथा आपण खूप ऐकतो. अब्रूवर उदार होणाऱ्यांच्या फार ऐकू येत नाहीत. त्या ऐकू न येणे हाच त्यांचा स्वभाव.

मग कथा आणखी एक पिळा घेते. मारीने झिडकारल्यामुळे दुखावलेला होर्स्ट सूड म्हणून आपल्या वरिष्ठाला, केप्के या नाझी अधिकाऱ्याला, त्यांच्या घरात राहायला ठेवू पाहतो. नाझी अधिकारी घरात, म्हणजे सगळे संपले. मारीच्या तोंडून निघून जाते: आम्हाला खोली लागेल, मला दिवस गेले आहेत. ही थाप मात्र शब्दांनी निभावण्यासारखी नाही. थोड्या महिन्यांत ती दिसली पाहिजे. योसेफला मूल होऊ शकत नाही हे तर कागदावर आहे. घरात दुसरा पुरुष एकच. तेव्हा योसेफ स्वतःच डाविडला आणि मारीला ते करायला सांगतो. या प्रसंगात हसू येते, आणि हसू आल्याची शरम वाटते. नोकरीच्या सोंगात अब्रू गेली होती. आता सोंग अंगात शिरते. बाहेर दाखवायला म्हणून उभारलेल्या खोट्यातून एक खरे मूल जन्माला येणार असते.

आणि मग मे १९४५. जर्मन पळतात, रशियन येतात, काल गप्प बसलेले आज दंडाला पट्ट्या बांधून बंदुका घेऊन फिरू लागतात. हिशेब चुकते करायची वेळ येते. योसेफ चिझेक हे नाव कोणत्या यादीत आहे, हे सांगायला नको. मारी त्याच वेळी बाळंत होते आहे, गावात डॉक्टर मिळत नाही, आणि योसेफला लोकांनी पकडले आहे. त्याच्याजवळ बचावासाठी एकच गोष्ट आहे: डाविड. इतके दिवस योसेफने डाविडला वाचवले. आता डाविडने समोर येऊन योसेफला वाचवायचे आहे. ज्याचे अस्तित्वच नाकारण्यात दोन वर्षे गेली, त्याचे अस्तित्व आता ओरडून सांगायचे आहे.

हा पटकथाकाराने रचलेला योगायोग नाही. त्याच देशात, त्याच महिन्यात अशी एक गोष्ट प्रत्यक्ष घडली होती. ऑस्कर शिंडलर हा मोराव्हियातल्या स्विताव्ही गावचा. १९४४च्या शरद ऋतूत त्याने आपला कारखाना पोलंडमधून त्याच भागातल्या ब्रुनलित्स येथे हलवला, आणि सुमारे अकराशे-बाराशे ज्यू कामगार तिथे तगले. आता या माणसाचा बाहेरून दिसणारा इतिहास पाहा: नाझी पक्षाचा सभासद, जर्मन हेरखात्याचा माणूस, कब्जा केलेल्या पोलंडमध्ये ज्यूंच्या श्रमावर गबर झालेला कारखानदार. युद्ध संपले तेव्हा रशियनांच्या किंवा चेक लोकांच्या हाती लागला असता, तर त्याचे काय झाले असते हे उघड आहे. म्हणून निघताना त्याच्या कामगारांनी त्याला एक पत्र सह्या करून दिले, की या माणसाने आम्हाला वाचवले. वाचवणाऱ्याच्या खिशात वाचलेल्यांची चिठ्ठी. तिच्याशिवाय तो फक्त एक पळणारा नाझी होता.

ज्याच्याजवळ अशी चिठ्ठी नव्हती, किंवा ज्याच्या चिठ्ठीची किंमत कोणी केली नाही, त्याचेही उदाहरण आहे. वॉर्सामध्ये पियानोवादक व्लादिस्लाव श्पिलमान लपून बसला असता त्याला अन्न पुरवणारा जर्मन कॅप्टन व्हिल्म होझेनफेल्ड. पोलान्स्कीच्या ‘द पियानिस्ट’ या चित्रपटामुळे तो आज जगाला माहीत आहे. रशियनांनी त्याला पकडले. श्पिलमानने पुढे त्याच्यासाठी खटपट केली, पण ती फळली नाही. होझेनफेल्ड १९५२ साली सोव्हिएत कैदेत मेला. साक्षीदार जिवंत होता, बोललाही, पण ऐकून घेणारे कान नव्हते.

जेरुसलेमची याद व्हाशेम ही संस्था १९६३पासून अशा ज्यू नसलेल्या माणसांना सन्मान देते, ज्यांनी मोबदला न घेता, जिवावर उदार होऊन ज्यूंना वाचवले. त्यासाठीचा मुख्य आधार म्हणजे वाचलेल्याची साक्ष. पोलंडची अशी सात हजारांहून अधिक नावे तिथे आहेत. चेक लोकांची शंभराहून थोडी अधिक. हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. वाचलेल्याची साक्ष हवी, म्हणजे तो वाचलेला असायला हवा. युद्धापूर्वी बोहेमिया-मोराव्हियात एक लाखाहून अधिक ज्यू होते. त्यांतले जवळजवळ ऐंशी हजार मारले गेले. झडतीत सापडलेला आणि त्याला लपवणारा दोघे एकदमच संपले, तर कोणाबद्दल कोण सांगणार? यशस्वी आश्रयाला निदान एक साक्षीदार असतो. फसलेल्या आश्रयाला बहुतेक वेळा तोही नसतो.

आपल्याकडेही हा पेच अगदी अनोळखी नाही. बेचाळीसच्या चळवळीत जे तुरुंगात गेले त्यांच्याजवळ तुरुंगाची नोंद होती. जे भूमिगत राहिले त्यांच्याजवळ, भूमिगतपण चांगले जमले असेल तर, काहीच नव्हते. पुढे स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे अर्ज भरताना अशा माणसांना तुरुंगवास भोगलेल्या दुसऱ्या सैनिकाचे प्रमाणपत्र जोडावे लागे. आणि त्या भूमिगतांना माळ्यावर झोपवून, मागच्या दाराने भाकरी पोचवणाऱ्या घरच्या बायकांसाठी अर्जात रकाना नव्हता. अर्थात इंग्रजांच्या राज्यातला धोका आणि हायड्रिखच्या मुलखातला धोका एका तराजूत घालता येत नाहीत. साम्य आहे ते फक्त पुराव्याच्या गैरहजेरीत.

पुन्हा त्या गावाकडे येऊ. कारण ह्रेबेकने पेच योसेफपुरता ठेवलेला नाही; त्याची दुसरी बाजूही दाखवली आहे. योसेफची वाईट बाजू उघड आणि चांगली बाजू झाकलेली, तशी कोणाची तरी चांगली बाजू उघड आणि वाईट झाकलेली असणारच. तो माणूस म्हणजे शेजारी शिमाचेक. १९४३मध्ये पळून आलेला डाविड सर्वांत आधी दिसतो तो त्याला. आणि शिमाचेक काय करतो, तर जर्मनांना हाका मारू लागतो. नशिबाने त्या हाका ऐकल्या जात नाहीत. तो दुष्ट आहे असे चित्रपट म्हणत नाही. लिदित्सेनंतर एक ज्यू रस्त्यात दिसणे म्हणजे सगळी आळी जळणे, हे त्याचे गणित असावे. १९४५मध्ये तोच शिमाचेक मुक्तिसैनिकांच्या बाजूला उभा असतो. आणि समोर येतो डाविड. दोघे एकमेकांना ओळखतात. त्या एका नजरेपुरता डाविड दोन खटल्यांतला साक्षीदार होतो: एकात बचावाचा, दुसऱ्यात फिर्यादीचा. तो फक्त पहिलीच साक्ष देतो.

ही क्षमा आहे का? मला तसे वाटत नाही. क्षमा करायला निवांतपणा लागतो, आणि डाविडजवळ तो नाही. त्याला दिसते ते इतकेच, की हातात बंदुका असलेल्या माणसांपैकी एकाला आत्ता उघडे पाडले तर योसेफचे काय होईल, याची शाश्वती नाही. त्याचे गप्प बसणेही एक प्रकारचे लपवणेच आहे. ज्याला लपवले होते, तो आता दुसऱ्याचे लपवतो.

आणि होर्स्ट? त्याचे खाते सर्वांत गुंतागुंतीचे. बाहेरून नाझींचा माणूस, आतूनही बऱ्याच अंशी तसाच. मारीवर त्याने जबरदस्ती करू पाहिली होती. पण घराची झडती आली तेव्हा त्याने सुगावा लागलेला असूनही तोंड उघडले नाही, उलट त्यांना सांभाळून घेतले. हे ठाऊक असलेली माणसे तीन. मारीच्या कळा वाढलेल्या असताना योसेफ पकडलेल्या जर्मनांमध्ये होर्स्टला पाहतो आणि म्हणतो, हाच आमचा डॉक्टर. आणि होर्स्ट, ज्याला वैद्यकीतले ओ की ठो कळत नाही, बाळंतपण करायला येतो. योसेफने त्याला का वाचवावे? मला उत्तर असे दिसते: योसेफला त्या क्षणी पुरेपूर कळले आहे, की बाहेरून माणूस जोखणे म्हणजे काय. त्याच्या स्वतःच्या बाबतीत बाहेरचे जोखणे किती चुकले असते, हे त्याला जिवाने कळले आहे. होर्स्टची आतली एक नोंद त्याला माहीत आहे, आणि ती माहीत असलेल्याने गप्प बसणे म्हणजे खोटी साक्ष देणे. म्हणून खरी साक्ष देण्यासाठी तो खोटे बोलतो. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मनांना घालवून देण्यात आले. त्यांतल्या कोणाच्या आत काय होते, हे पाहायला कोणी थांबले नाही. चित्रपट त्यावर भाष्य करत नाही. पण चेक प्रेक्षकाला तो आकडा आठवल्यावाचून राहत नसावा.

चित्रपटाचा शेवट मला तितकासा रुचत नाही. पडझड झालेल्या गावातून योसेफ बाळाची गाडी ढकलत निघतो आणि त्याला वीनर कुटुंबातली मेलेली माणसे टेबलाभोवती बसलेली दिसतात. दृश्य सुंदर आहे. पण चेक घर, ज्यू बाप, जर्मन सुईण असे करत ते मूल सगळ्या देशाचे होऊन बसते. त्यात आईबापांची नावे मारी आणि योसेफ, म्हणजे ख्रिस्तजन्माची सावलीही आहेच. सुमारे दोन तास ज्या चित्रपटाने कोठीतले डबे आणि खोकला सोडला नाही, त्याने शेवटी प्रतीकाच्या गाडीत बसावे हे जरा अति वाटते.

मला त्या मुलाबद्दल वेगळाच प्रश्न पडतो. डाविडने साक्ष दिली आणि योसेफ सुटला, एवढ्यात कोठीचा हिशेब पुरा झाला. पण मारीने जे केले त्याची साक्ष कोण देणार? डाविडला ती द्यायची झाली तर योसेफच्या तोंडावर, मुलाच्या तोंडावर द्यावी लागेल. योसेफ ती कधीच देणार नाही. होर्स्टला, शिमाचेकला, गावाला काही कळण्याचे कारण नाही. नोकरीचे सोंग मे १९४५मध्ये उतरवता आले. हे सोंग उतरवता येण्यासारखे नाही, कारण ते आता रडते, दूध मागते, उद्या चालू लागेल. गावाच्या दप्तरात त्याच्या बापाचे नाव लिहायची वेळ येईल तेव्हा मारी ‘योसेफ चिझेक’ असे सांगेल, आणि कारकून ते लिहून घेईल.